एज ऑफ एम्पायर्स २ डेफिनिटिव्ह एडिशन: नऊ महिने खेळल्यावर

जुन्या एज ऑफ एम्पायर्स २ या राज्य उभारून लढायच्या कॉम्प्युटर गेमचा हा रीमेक, म्हणजे नव्यानं बनवलेला तोच गेम. डिसेंबरच्या सेलमध्ये घेतला तेव्हा मामेभाऊ म्हणाला, "काहून बे, हा तर आपण फुकटात खेळत होतो ना?" फुकटात कुठला, सक्करदऱ्याच्या सायबर कॅफेत तासाला २० रुपये मोजत होतो. सीडी बर्डीवरून आणलेली, वर मार्करनं नाव लिहिलेली. ज्यांनी गेम बनवला त्यांना मात्र आमच्या अख्ख्या टोळीकडून एक छदाम गेला नाही. त्यामुळे "एकाच गेमचे दोनदा पैसे का द्यायचे?" ही तक्रार आम्हा नागपूरच्या पोट्ट्यांच्या तोंडी फारशी शोभत नाही. आमची पहिलीच उधारी बाकी होती.

आता मालाबद्दल. मूळ गेम १९९९ चा. २०१३ मध्ये एचडी आवृत्ती आली आणि ही डेफिनिटिव्ह १४ नोव्हेंबर २०१९ ला, जुन्या सगळ्या विस्तारांसकट (विस्तार म्हणजे गेमला नंतर जोडलेली भर), ३५ संस्कृती, म्हणजे खेळायला निवडायचे समाज, घेऊन, २० डॉलरला. चित्रं नवी आहेत, इमारत पडताना सावकाश ढासळते, छान दिसतं. पण माझे पैसे वसूल झाले ते शेतापाशी. १९९९ च्या गेममध्ये शेत संपलं की गावकरी हातावर हात धरून उभा राहायचा आणि लढाई सोडून त्याच्याकडे धावावं लागायचं. पुढच्या वर्षीच्या विस्तारात गिरणीत आगाऊ शेतं मांडून ठेवायची सोय झाली. आता एक टिक केली की लाकूड असेपर्यंत शेत आपोआप पेरलं जातं. गंमत म्हणजे हा त्रास मी पार विसरलो होतो. माझ्या आठवणीत मी शेत कधी पेरलेलंच नाही, नुसते पर्शियन हत्ती पळवले आहेत. मे महिन्यात एका दुपारी, कूलरसमोर बसून, मुद्दाम ती टिक काढून खेळलो. पंधरा मिनिटांत परत लावली. रीमेकवाल्यांनी माझी आठवण खरी धरली आणि गेम तिच्याबरहुकूम बनवला, त्याचे मी पैसे दिले.

सगळेच इतकी मेहनत घेत नाहीत. व्हाइस सिटी या गाड्या पळवायच्या जुन्या गेमवर आपला किती जीव! २०२१ मध्ये ती आणखी दोन गेमसोबत ६० डॉलरला आली, तर पावसात समोरचं दिसेना आणि दुकानांच्या पाट्यांवरची स्पेलिंगं चुकलेली. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. वर जुन्या आवृत्त्या आधीच दुकानातून काढलेल्या. ओरड झाल्यावर पीसीवर परत आल्या. मारिओचे तीन जुने गेम २०२० मध्ये ६० डॉलरला निघाले आणि ३१ मार्च २०२१ नंतर विक्री बंद. ही तर सरळ घाई लावायची युक्ती. उलट १९९६ च्या क्वेकची नवी आवृत्ती २०२१ मध्ये आली, ती स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात जुना गेम असणाऱ्यांना फुकट मिळाली.

मीही फसलो आहे. एक जुना भुताचा गेम नव्यानं निघाला, तो पहिल्याच रात्री पूर्ण किमतीत घेतला. नाव घेत नाही. सेटिंग्जशी झटापट करण्यातच दोन तास गेले आणि तेवढ्यात रिफंडची मुदतही. त्या रात्री किंमत नीट पाहिलीच नव्हती, सुरुवातीचं संगीत ऐकलं आणि पैसे भरले. राजेहो, हे संगीत फार महाग पडतं.

एजमध्ये खटकलं ते सुट्या विस्तारांचं. गेम स्वस्त वाटतो, मग एकेक विस्तार घेता घेता खिसा हलका होतो. मी फक्त २०२२ चा डायनॅस्टीज ऑफ इंडिया घेतला. आधी सगळे भारतीय एकाच संस्कृतीत कोंबले होते. यात बंगाली, द्रविड, गुर्जर वेगळे झाले आणि उरलेले हिंदुस्तानी. राजेंद्र चोळाची मोहीम आहे. मराठे नाहीत, या गेमचा काळ आधीचा.

आता तासांचा हिशेब. १४० तास झाले. जुनी टोळी जमवायला ग्रुप केला: एक पुण्यात, एक हैदराबादला, बाकी इथंच. पहिल्या शनिवारी रात्री दोनपर्यंत खेळलो. दुसऱ्या शनिवारी तिघंच उरलो. तिसऱ्याला एकाच्या पोराला ताप, दुसऱ्याची नाइट शिफ्ट. ग्रुपवर आता गुड मॉर्निंग येतं. ज्या टोळीसाठी घेतला ती मिळून सात तास खेळली असेल.

उरलेल्यातले निम्मे तास भाच्याचे आहेत. वय बारा, कॅफे म्हणजे त्याला कॉफीचं दुकान वाटतं. त्याला कसलीही जुनी आठवण नाही, तरी शाळेतून आला की "मामा, लॅपटॉप दे" म्हणून बसतो. नव्या रीमेकची किंमत पाहून माझा हात खिशाकडे गेला की आता आधी त्याला ट्रेलर दाखवतो. त्यानं मध्येच फोन खाली ठेवला तर सेलची वाट पाहतो.

परवा त्याला "हाऊ डू यू टर्न धिस ऑन" हा चीट, म्हणजे गेममध्ये टाइप करायचा छुपा कोड, शिकवला. मध्ययुगातल्या किल्ल्यासमोर निळी मोटार उभी राहिली. हसता हसता म्हणाला, "मामा, हे नवीन टाकलं का त्यांनी?"