खांद्याच्या ऑपरेशननंतर घेतलेली पीआरपी इंजेक्शनं: नऊ महिन्यांचा अनुभव

माझं वय 54, कराडला औषधांचं दुकान आहे आणि पंचवीस वर्षं दुकानाच्या काउंटरमागे उभी आहे. उजव्या हाताने वरच्या रॅकवरचे खोके काढायचे, ठेवायचे, हे दिवसातून शंभरदा तरी होतं. गेल्या पावसाळ्यात दुकानाच्या पायरीवरून घसरले आणि हात टेकून पडले. महिनाभर मुका मार समजून शेक घेत राहिले. रात्री त्या कुशीवर झोपता येईना आणि फणी डोक्यापर्यंत पोचेना, तेव्हा एमआरआय केला. हात वर उचलायला लागणाऱ्या सुप्रास्पायनेटस या खांद्याच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, आरपार फाटली होती, साधारण दोन सेंटिमीटर.

पुण्याला दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. त्याआधी सहा आठवडे सर्जननी थांबवलं, कारण माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 8.4 होती. "मॅडम, टाके मी घालीन, पण कंडरा हाडाला चिकटवायचं काम तुमच्या शरीराचं आहे," असं ते म्हणाले. 7.1 वर आणून मगच टेबलावर गेले. इंजेक्शनाच्या अनुभवात हे कशाला, असं वाटेल. पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत कामाची गोष्ट हीच होती.

आता इंजेक्शनांकडे येते. कंडरा हाडापासून सुटली की ती मूळची होती तशी परत जुळत नाही, मध्ये व्रणासारखी ऊती तयार होते आणि तिच्यावर निभावून न्यावं लागतं. म्हणून टाके घट्ट असले तरी पहिल्या काही महिन्यांत कंडरा पुन्हा सुटायची भीती असते. फाट मोठी, वय जास्त, साखर वाढलेली, तंबाखू चालू, तर जास्तच. पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, भरपूर प्लेटलेट्स असलेला रक्तद्रव. त्यामागचा विचार असा की आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स घट्ट करून त्या जागी सोडायच्या. जखम भरायला लागणारी वाढद्रव्यं त्यांच्यात साठवलेली असतात. दुकानात रोज कोणीतरी विचारतं, "खांद्यात मारतात ते स्टिरॉइडचंच ना?" नाही. स्टिरॉइड सूज दाबतं, आणि ऑपरेशननंतर लगेच दिलं तर जुळणीला मारक ठरू शकतं. ही दोन वेगळी इंजेक्शनं आहेत, कृपा करून एक समजू नका.

मला ऑपरेशननंतर आठव्या आणि पंधराव्या दिवशी अशी दोन इंजेक्शनं दिली. डाव्या हातातून तीस मिली रक्त घेतलं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. बाहेर आलेली नळी मी मागून घेतली आणि उजेडात धरून पाहिली. खाली गडद लाल थर, त्यावर कागदाइतका पातळ पांढरट पापुद्रा आणि वर ताकाच्या निवळीसारखं पिवळसर पाणी. त्या पापुद्र्याजवळचा भाग सिरिंजमध्ये ओढून सोनोग्राफीवर बघत टाक्यांच्या जागी सोडला. हातात आलं जेमतेम चार मिली. मी हट्टाने मोजणीही करवून घेतली: माझ्या रक्तात प्लेटलेट्स 2.4 लाख, सिरिंजमधल्या द्रवात 9 लाखांच्या वर. ही मोजणी करायला सांगा. ती न करता नुसतं पिवळं पाणी टोचलं, तर पैसे कशाचे दिले हेच कळणार नाही.

दुखलं का? हो. पहिल्यानंतर एक रात्र, दुसऱ्यानंतर दोन रात्री चांगलाच ठणका होता. तशीही मी आरामखुर्चीतच झोपत होते, त्यामुळे झोप मोडली एवढंच. ताप नाही, जंतुसंसर्ग नाही.

एक चूक मात्र झाली आणि ती सांगायलाच हवी. घरी सोडताना दिलेल्या कागदावर अॅसिक्लोफेनॅकच्या गोळ्या होत्या, दिवसातून दोनदा, दहा दिवस. तिसऱ्या दिवशी मी पाकीट फोडायला घेतलं आणि हात थांबला. या जातीची वेदनाशामकं प्लेटलेट्सचं काम मंदावतात. ज्या प्लेटलेट्ससाठी पैसे मोजतोय, त्यांनाच आपण गोळी देऊन झोपवणार? फोन केला तेव्हा कळलं की ऑपरेशनवाल्यांनी नेहमीचा कागद दिला होता आणि इंजेक्शन ठरवणाऱ्यांनी तो पाहिलाच नव्हता. मग साधं पॅरासिटामॉल आणि चार दिवस ट्रामाडॉल यावर भागवलं. मी फार्मसिस्ट म्हणून हे दिसलं. बाकीचा माणूस कागदावर आहे ते निमूट घेतो, आणि त्याची काही चूक नसते. इंजेक्शन ठरलं असेल तर "मधल्या काळात दुखण्याला कोणती गोळी?" हे तोंडाने विचारा. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर ती मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांशीच बोला.

पैशाचं असं की दोन्हींचे मिळून 22 हजार झाले आणि विम्याने ते नाकारले. ऑपरेशनचं बिल मंजूर झालं, हे नाही. आधी कोणी सांगितलं नव्हतं, बिल हातात आल्यावर कळलं. याचा मला अजून राग आहे, कारण तेवढे पैसे जमवताना ज्यांच्या घरात ओढाताण होते अशी माणसं मी रोज पाहते.

मग गुण आला का? चार महिन्यांनी सोनोग्राफी केली. कंडरा जागेवर, अखंड. आज हात समोरून पूर्ण वर जातो, रात्री दुखत नाही, पाठीमागे मात्र अजून कमरेच्या वर जात नाही. मी समाधानी आहे. पण हे सुईमुळे झालं का, हे मला सांगता येत नाही, आणि "माझा हात बरा झाला, म्हणून घ्या" असं लिहिणं मला पटत नाही. सहा आठवडे हात गळ्यात अडकवायचा पट्टा एक दिवसही न चुकवता वापरला, साखर सांभाळली, व्यायाम केला, हेही सगळं त्याच खांद्यासाठी केलं होतं.

म्हणून अभ्यास काय म्हणतात ते वाचलं. ऑस्ट्रेलियात पर्थला माझ्यासारखीच योजना तपासली होती, 2015 साली ती प्रसिद्ध झाली: 60 रुग्ण, त्यातल्या निम्म्यांना ऑपरेशननंतर सातव्या आणि चौदाव्या दिवशी पीआरपी. सोळा आठवड्यांच्या एमआरआयवर दोन गटांत जुळणीचा फरक दिसला नाही. हे वाचून मी थोडा वेळ गप्पच बसले. दुसऱ्या बाजूला कोरियातला 2013 चा अभ्यास आहे. तिथे मोठ्या आणि फार मोठ्या फाटींत ऑपरेशन चालू असतानाच पीआरपीचा जेल टाक्यात ओवून कंडरा आणि हाड यांच्या मध्ये बसवला. पुन्हा फाटण्याचं प्रमाण 20 टक्के, तर जेल नसलेल्यांत 55.6 टक्के. फ्रान्समध्ये 2014 साली कमरेच्या हाडातला मगज घट्ट करून वापरल्याचे निकाल आले: दहा वर्षांनी 87 टक्के कंडरा शाबूत, न वापरलेल्यांत 44. आकडे मोठे आहेत, पण तिथे रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केली नव्हती, मिळतीजुळती माणसं निवडून तुलना केली होती. मला यातून एवढं कळलं की कोणत्या फाटीला, केव्हा आणि कशा रूपात दिलं यावर बरंच अवलंबून आहे. माझी मध्यम फाट, आणि नंतर टोचलेला पातळ द्रव. फायद्याची आशा सर्वांत कमी असलेल्या गटात मी होते, आणि हे मला आधी कुणी समजावलं नाही.

फिजिओबद्दल लिहायला बसले तर वेगळं लिहावं लागेल. माझ्या मुलीच्या वयाची पोर. पहिल्या दिवशी म्हणाली, "काकू, हात तुम्ही उचलायचा नाही, मी उचलणार. तुम्ही फक्त सैल सोडायचा." सैल सोडणं इतकं अवघड असतं हे तोवर ठाऊक नव्हतं. सहाव्या आठवड्यापर्यंत ती उचलायची, मग काठी धरून दोन्ही हातांनी, बाराव्या आठवड्यानंतर रबरी पट्टा. एकूण चाळीस बैठका, प्रत्येकी 500 रुपये. म्हणजे दोन सुयांपेक्षा कमी पैसे, आणि यातल्या प्रत्येक बैठकीचा परिणाम मला दुसऱ्या दिवशी ब्लाउजची बाही चढवताना कळायचा. पैसे एकालाच पुरणार असतील तर ते इथे ठेवा.

वरच्या रॅकवर मी आता फक्त हलकं सामान ठेवते. सलाइनच्या पेट्या कायमच्या खाली आल्या. सर्जननी डोक्याच्या वर हात नेऊन वजन उचलायला मनाई केली आहे आणि ती मी पाळते.

परवापासून डावा खांदाही रात्री ठणकतोय, वर्षभर सगळं काम त्यानेच केलं. फाट निघाली आणि ती लहान असली, तर सुई घेणार नाही. मोठी असली, तर ऑपरेशनच्या वेळीच जुळणीच्या जागी काही ठेवता येईल का, हे विचारणार आणि किंमत लेखी मागणार. सोनोग्राफी बुधवारी आहे.