लॅब्रॅडॉरच्या पित्तावर ओमेप्राझोल : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या २८ किलो वजनाच्या लॅब्रॅडॉरला पहाटे पिवळे, फेसाळ पित्त ओकण्याचा त्रास होता. रक्ततपासणी व सोनोग्राफीनंतर पशुवैद्यांनी जठराला सूज असल्याचे सांगून ओमेप्राझोल हे जठरातील आम्ल कमी करणारे औषध सुरू केले. दर किलोमागे साधारण ०.७ मिलिग्रॅम या हिशेबाने २० मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायची होती. आतील दाण्यांवरचे आवरण त्यांना जठरातील आम्लापासून वाचवते, त्यामुळे कॅप्सूल फोडून दाणे कुटायचे नाहीत, ही सूचना आम्ही काटेकोर पाळली. कुत्रा अर्थातच सहकार्य करत नव्हता.

सुरुवातीला शी थोडी सैल झाली, पण उलट्या लवकरच थांबल्या. फॅमोटिडिन हे आम्ल कमी करणारे दुसरे औषध स्वस्त पडते म्हणून अनेकजण तेच सुचवतात. मात्र कुत्र्यांना ते रोज दिल्यास त्याचा परिणाम हळूहळू कमी होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरिनरी इंटर्नल मेडिसिनच्या २०१८ च्या मार्गदर्शक निवेदनातही आम्ल कमी करण्यासाठी ओमेप्राझोलच्या गटाला अधिक प्रभावी मानले आहे, आणि तेही दिवसातून दोनदा दिले तर.

माझ्या मते खरा धोका या औषधापेक्षा घरातल्या माणसांच्या गोळ्यांच्या स्ट्रिपमध्ये आहे. मेडिकलमध्ये पित्ताची गोळी मागितली की बहुधा डोम्पेरिडोन मिसळलेली कॅप्सूल हाती पडते; पोटात हाड किंवा कापड अडकले असेल, तर आतड्यांची हालचाल वाढवणारे असे औषध घातक ठरू शकते. ॲसिक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि ओमेप्राझोलच्याच गटातले राबेप्राझोल एकत्र असलेली गोळी तर दुखण्यावरची असते, आणि अशा वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होऊ शकतात. काही साखरविरहित पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असते. त्याने कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने घसरते.

औषध बंद करतानाही घाई केली नाही, कारण तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ दिलेले ओमेप्राझोल एकदम थांबवले की जठर उलट जास्त आम्ल तयार करू लागते. पशुवैद्यांनी आधी संध्याकाळची कॅप्सूल काढली आणि सध्या सकाळचीही एक दिवसाआड केली आहे. शी डांबरासारखी काळी झाली, किंवा पोट फुगून कुत्रा उलटीसाठी नुसताच जोर करू लागला, तर गोळी देऊन वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा, असे त्यांनी पहिल्याच भेटीत बजावले होते.