माती तपासणी, आठ महिने आणि १,८५० रुपयांची पेटी

माती तपासणीवाल्यांना सप्टेंबरात मी एकच स्टार दिला होता. आज तीन देतोय. चौथा त्यांच्या पेटीत गेला.

चिकलठाणा एमआयडीसीतला शेड विकायचा होता. विकायचा म्हणजे ९५ वर्षांच्या लीजमधली उरलेली वर्षं दुसऱ्याच्या नावावर करायची. वडिलांनी तिथं पंचवीस वर्षं हार्ड क्रोम केलं, म्हणजे लोखंडी भागांवर क्रोमियमचा मुलामा. गिऱ्हाईक जालन्याचं. भाव ठरला, बयाणाही आला. तेवढ्यात पाऊस झाला आणि त्यांच्या वकिलाला मुलाम्याच्या टाकीच्या जागेजवळच्या खड्ड्यात पिवळंधमक पाणी दिसलं. आम्ही ते लहानपणापासून बघतोय, कधी काही वाटलं नाही. तो म्हणाला, माती तपासा, नाहीतर पंधरा लाख कमी. वर जुलै २०२५ चे दूषित जागांचे नियमही वाचून दाखवले.

तपासणीला दोन पोरं आली, हातानं फिरवायचा ऑगर, म्हणजे मातीत भोक पाडायचा गिरमिट, घेऊन. अडीच फुटांवर मुरूम लागला, ऑगर अडकला. दुसऱ्या दिवशी यंत्र आणलं, त्याचे पैसे वेगळे. तेही ठीक. पण बिलात ‘नमुना पेटी १,८५०’! अहो, थर्माकोलची पेटी ती. बर्फसुद्धा कोपऱ्यावरच्या रसवंतीतून मीच आणला होता.

भांडायला लॅबमध्ये गेलो, तर तिथल्या मॅडमनी शांतपणे समजावलं. विषारी ते हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. नमुना उन्हात तापला तर त्यातलं काही कमी घातक अशा ट्रायव्हॅलंट क्रोमियममध्ये बदलतं आणि आकडा कमी येतो. खरं सांगू, मला कमीच आकडा हवा होता. पण घेणाऱ्यानं नंतर स्वतः तपासून घेतलं असतं तर? गप्प बसलो. पेटीचे पैसे मात्र पटले नाहीत, अजूनही नाहीत.

रिपोर्ट आला आणि माझं मत फिरलं. सगळा प्लॉट नाही, टाकीखालची बारा बाय दहाची जागाच खराब होती. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, गळती त्या भेगांतून सरळ मुरमापर्यंत गेलेली. ती माती खोदून, फॉर्म १०, म्हणजे घातक कचरा नेतानाचा कागद, भरून, रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवली. खड्ड्याच्या तळाला हिराकशीचं (फेरस सल्फेटचं) पाणी दिलं, त्यानं हेक्झाचं ट्रायव्हॅलंट होतं. मग पुन्हा नमुने, पुन्हा पेटी, पुन्हा १,८५०. मी म्हणालो, जुनीच वापरा की राव! नाही म्हणे, एका साइटची पेटी दुसरीकडे नेत नाहीत. अहो, साइट तीच आहे!

सगळं मिळून चार लाखांच्या आत भागलं. पंधरा लाखांची गोष्ट वकिलानं परत काढली नाही. शेड गेला.

शेवटच्या हप्त्यातून पेटीचे पैसे कापतो म्हटल्यावर त्यांनी दोन्ही पेट्या माझ्या गाडीत ठेवल्या. एप्रिलच्या उन्हात पाण्याच्या बाटल्या गार ठेवायला एक काढली, तर बायको म्हणाली, ‘त्यात तुमच्या टाकीखालची माती होती ना? मग माझ्या स्वयंपाकघरात नको.’ दोन्ही गच्चीवर पडून आहेत.