फोनवर फायरफॉक्स टाकाच

अँड्रॉइड फोन असेल आणि फोनवर मराठी पेपर वाचायची सवय असेल तर फायरफॉक्स हा ब्राउझर टाका, असं मी घरात, ऑफिसात सगळ्यांना सांगत असते, आज जरा नीट लिहिते. मुख्य कारण एकच, अ‍ॅड ब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारी सोय. फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं प्रोग्रॅम, टाकता येत नाही, फायरफॉक्समध्ये येतं, आणि युब्लॉक ओरिजिन नावाचं जे एक्स्टेन्शन आहे ते त्यात पूर्ण ताकदीने चालतं. फुकट आहे, ज्याने बनवलं तो रेमंड हिल देणगीसुद्धा घेत नाही. फक्त टाकताना पूर्ण नाव बघा, नुसतं युब्लॉक हे दुसरंच काहीतरी आहे, आपल्याला ओरिजिनवालं हवं.

फरक कळतो तो लोकलमध्ये. सकाळी बोरिवलीला लेडीज डब्यात चढलं की एका हातात वरची कडी आणि दुसऱ्या हातात फोन, म्हणजे जे काय करायचं ते अंगठ्याने. बातमीची लिंक उघडली की आधी नोटिफिकेशन पाठवू का म्हणून विचारणार, ते घालवलं की खालून एक जाहिरात येऊन चिकटणार, मधेच कसला तरी व्हिडिओ आपोआप सुरू होणार, आणि दोन ओळी वाचतोय तोवर वरची जाहिरात लोड होऊन अख्खा मजकूर खाली ढकलला जातो आणि अंगठा बरोबर नको तिथे पडतो. बातमी असते चार परिच्छेदांची! युब्लॉक टाकल्यावर यातलं बहुतेक सगळं जातं, पान पटकन उघडतं, डेटा वाचतो तो वेगळाच. शिवाय फायरफॉक्समध्ये अ‍ॅड्रेस बार खाली घेता येतो, एका हाताने फोन वापरणाऱ्याला ही केवढी सोय आहे ते गर्दीत उभं राहणाऱ्यालाच कळेल.

आणि रीडर व्ह्यू. बातमीचं पान उघडलं की अ‍ॅड्रेस बारमध्ये पानासारखं चिन्ह येतं, ते दाबलं की नुसता मजकूर राहतो आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. माझे बाबा रोज सगळे अग्रलेख असेच वाचतात, चष्मा कपाळावर चढवून. जोडाक्षरं बारीक फॉन्टमध्ये एकमेकांत घुसतात, मोठ्या अक्षरात ती नीट सुटी दिसतात, त्यामुळे ज्येष्ठांच्या फोनवर तर हे करून द्याच. मेनूसुद्धा मराठीत करता येतो, ते भाषांतर स्वयंसेवकांनी केलेलं आहे.

पेपरवाल्यांचं पोट जाहिरातींवर चालतं हे मला मान्य आहे. म्हणून ज्या साइट बेताच्या जाहिराती दाखवतात त्यांच्यासाठी मी युब्लॉक बंद ठेवते, एक बटण दाबायचं काम आहे, तेवढ्याच साइटपुरतं बंद होतं. पण वाचायलाच देणार नसाल तर मी जाहिरात का बघू?

मराठी वाचणाऱ्यांचं आणि फायरफॉक्सचं नातं जुनं आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये १.० आलं तेव्हा जिकडेतिकडे इंटरनेट एक्सप्लोरर ६ होता, आणि आपल्या मराठी पेपरांच्या साइट प्रत्येकाच्या वेगळ्या फॉन्टमध्ये, तो फॉन्ट नसेल तर नुसती अगम्य चिन्हं. तेव्हा फायरफॉक्ससाठी पद्मा नावाचं एक्स्टेन्शन होतं, ते असल्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून दाखवायचं. सायबर कॅफेत बसून पेपर वाचणाऱ्या पिढीला विचारा काय चीज होती ती.

आता दुसरं कारण, आणि माझ्या मते हे जास्त गंभीर आहे. ऑपेरा ब्राउझरने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन, म्हणजे पान उघडून दाखवणारा आतला गाभा, सोडून क्रोमच्या मुळाशी असलेलं क्रोमियम घेतलं, मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये आपला एज ब्राउझर क्रोमियमवर नेला, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंगचा ब्राउझर सगळे तेच. म्हणजे नावं वेगवेगळी पण आत मूळ गूगलचं. अ‍ॅपलचं वेबकिट नावाचं इंजिन आहे ते अ‍ॅपलपुरतं. उरलं फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं गेको. आणि गूगलचा धंदा जाहिरातींचा, त्यांनी एक्स्टेन्शनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३ म्हणतात ते, आणि क्रोममधून मूळ युब्लॉक ओरिजिन गेलं, लाइट नावाचं कमी ताकदीचं राहिलं. फायरफॉक्सने जुनी पद्धतही चालू ठेवली. एकाच कंपनीच्या हातात सगळ्यांचे ब्राउझर गेले तर काय होतं ते आपल्याला इथे दिसलंच की.

सोशल साइटच्या बाबतीतही मला हाच ब्राउझर बरा वाटतो. कॉम्प्युटरवर जून २०२२ पासून आणि फोनवर २०२३ पासून प्रत्येक साइटच्या कुकी, म्हणजे साइटने आपल्याकडे ठेवलेल्या ओळखीच्या खुणा, वेगळ्या ठेवायची सोय त्यात आपोआप चालू असते, म्हणजे एका साइटवर काय बघितलं ते दुसरीकडे माग काढणाऱ्यांना सहज जोडता येत नाही. कॉम्प्युटरवर फेसबुक कंटेनर नावाचं एक्स्टेन्शन आहे, ते फेसबुकला वेगळ्या खोलीत कोंडून ठेवतं. फोनवर मी फेसबुक आणि इन्स्टाग्रामची अ‍ॅप काढून टाकली, ब्राउझरमध्येच उघडते, हवं तेव्हा बघायचं आणि टॅब बंद करायचा. डोकं शांत राहतं, खरंच करून बघा.

मोझिलावर माझा रागही आहे. २०२० मध्ये अँड्रॉइडचं फायरफॉक्स नव्याने लिहिलं आणि मोजकीच एक्स्टेन्शन ठेवली, सगळ्यांसाठी दार परत उघडायला डिसेंबर २०२३ उजाडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये वापराच्या अटी अशा भाषेत लिहिल्या की लोकं भडकली आणि त्यांना शब्द बदलावे लागले. त्याच वर्षी जुलैत लेख साठवून ठेवायची त्यांची पॉकेट नावाची सेवा बंद केली, नंतर वाचायचं म्हणून बाजूला ठेवलेलं सगळं लोकांनी कुठे न्यायचं? आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे मोझिलाची बहुतेक कमाई गूगलला डिफॉल्ट सर्च ठेवण्याच्या करारातून येते. गूगलला पर्याय म्हणून उभं राहायचं आणि पगार गूगलच्या पैशातून द्यायचे, ही काळजी करण्यासारखीच गोष्ट आहे. तरी मी फायरफॉक्सच वापरते, कारण आज त्याच्या जागी ठेवायला दुसरं काही नाही.

अडचणी सांगायच्या तर काही साइट फक्त क्रोमवर तपासलेल्या असतात. माझ्या एका बँकेची साइट फायरफॉक्समध्ये लॉगिननंतर पांढरी होते, तिच्यासाठी क्रोम ठेवावं लागतं. आयफोनवाल्यांना मात्र मी आग्रह करणार नाही, कारण आपल्याकडे अ‍ॅपल तिथे सगळ्यांना वेबकिटच वापरायला लावतं, त्यामुळे आयफोनच्या फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत, मग मजा काय राहिली.

अँड्रॉइडवाल्यांनी एक करा, टाकल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन फायरफॉक्स डिफॉल्ट ब्राउझर करा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत्येक लिंक क्रोममध्येच उघडत राहील आणि तुम्ही म्हणाल काही फरकच पडला नाही.