आरएस-४८५ ची शिल्डेड केबल: एक हंगाम उसाच्या काट्यावर वापरून लिहितोय

आरएस-४८५ म्हणजे वायरीवरून डेटा पाठवायची एक पद्धत. केबलला ५ पैकी ५, दुकानदाराला २, का ते खाली लिहिलंय.

आमच्या साखर कारखान्यात वजनकाटा गेटजवळ आणि कॉम्प्युटर ऑफिसात, अंतर साधारण १८० मीटर. इंडिकेटरला (वजन दाखवणाऱ्या डब्याला) आरएस-२३२ (डेटा पाठवायची दुसरी एक पद्धत) आउटपुट होतं म्हणून आधीच्या माणसाने सरळ टेलिफोनची वायर ओढून दिलेली. चालायचं तसं, पण यार्डातली क्रेन सुरू झाली की स्क्रीनवर वजनाच्या जागी चौकोन नि प्रश्नचिन्हं, बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न मारतायत आणि शेतकऱ्याला वाटतंय की हे काटा मारतायत. बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) ९६०० वरून १२०० वर आणला, थोडं सुधारलं, बास. अहो २३२ म्हणजे १५ मीटरचा मामला, त्यात सिग्नल ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) हिशोबाने मोजतात आणि आमच्या दोन टोकांच्या ग्राउंडचंच एकमेकांशी पटत नव्हतं.

आरएस-४२२ आणि ४८५ या पद्धती दोन्ही १२०० मीटरपर्यंत जातात कारण रिसीव्हर दोन वायरींमधला फरक बघतो, मोटरचा विजेचा कचरा दोन्हींवर सारखाच येतो आणि वजा होऊन जातो. एकच काटा असता तर मी ४२२ घेतलं असतं, बोलणारा एक, ऐकणारे १० पर्यंत, कोण कधी बोलणार ही भानगडच नाही. पण आमच्याकडे भरलेल्या गाडीचा एक आणि रिकाम्या गाडीचा एक असे दोन काटे, एकाच जोडीवर दोघांनी पाळीपाळीने बोलायचं, म्हणून ४८५. इंडिकेटरमध्ये ४८५ चं कार्ड टाकलं आणि ऑफिसात आयसोलेटेड कन्व्हर्टर (४८५ कॉम्प्युटरला जोडणारा, पण दोन्हीकडचे ग्राउंड वेगळे ठेवणारा डबा). कन्व्हर्टरमध्ये कंजुषी करू नका, ४८५ सुद्धा ग्राउंडमधला फरक −७ ते +१२ व्होल्टपर्यंतच सहन करतं.

केबल एक जोडी, २४ गेज, १२० ओहम, फॉइल आणि वरून जाळी (हेच शिल्ड). जाळी सोलताना एक बारीक तार टर्मिनलला चिकटली आणि तासभर गेला. मग सिग्नल टोकावरून परत उलटू नये म्हणून दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावून पॉवर बंद करून मीटर लावला तर ६० यायला हवे तिथे ४०! कन्व्हर्टरच्या आतला टर्मिनेशनचा (तसाच टोकाचा रेझिस्टर जोडणारा) जंपर आधीच लावलेला होता, म्हणजे तीन रेझिस्टर झाले. तो काढला तरी डेटा नाही, कारण जोडीतल्या दोन वायरींना ए आणि बी म्हणतात, पण एका कंपनीचा ए म्हणजे दुसऱ्या कंपनीचा बी. वायरी उलट्या केल्या आणि चालू. शिल्ड फक्त ऑफिसच्या टोकाला अर्थ केलंय.

त्यानंतर हंगामभर एकदाही चौकोन दिसला नाही, क्रेन चालू असतानाही.

आता दुकानदार. २०० मीटरचं बंडल म्हणून दिलं, केबलवरच्या मीटरच्या खुणा वाचल्या तर १९१. खांबावरून फिरवताना शेवटी कमी पडली आणि मध्ये जॉइंट मारावा लागला. काट्याच्या केबलमध्येच काटा मारला पठ्ठ्याने.