कार कॅरिअर: अटॅच ट्रेलर घ्यावा की आपल्याच आयशरवर फ्लॅटबेड?

तीन-चार आयशर ट्रक असलेल्या माणसाने गाड्या वाहून न्यायच्या धंद्यात उतरायचं ठरवलं तर बडोद्यात त्याच्यापुढे साधारण दोन वाटा असतात. एक, बंद बॉडीचा दोन मजली ट्रेलर काढायचा, एखाद्या मोठ्या लॉजिस्टिक्सवाल्याकडे अटॅच करायचा (म्हणजे कराराने त्याच्या कामाला लावायचा) आणि फॅक्टरीच्या नव्या गाड्या ओढायच्या. दुसरी, घरच्याच एका आयशरची बॉडी उतरवून झुकणारा डेक, गाडी दोराने वर ओढायला विंच आणि मागे दुसऱ्या गाडीची चाकं उचलून ओढायला व्हील लिफ्ट लावून घ्यायची, म्हणजेच फ्लॅटबेड करायची, आणि बदलीवाल्यांच्या, जुन्या बाजारातल्या, बंद पडलेल्या गाड्या उचलायच्या. मी दोन्ही करून बसलोय. ट्रेलर आता माझ्याकडे नाही, तेव्हा माझा कल तुम्हाला कळला असेलच, पण ट्रेलरवाल्यांना उगाच नावं ठेवणार नाही.

कारण काम खरंच दारात आहे हो. हालोलला एमजी मोटर (2017 मध्ये जीएमने, म्हणजे जनरल मोटर्सने, बंद केलेला तोच प्लांट), साणंदला टाटा, तिथला फोर्डचा प्लांटही 2023 पासून टाटाकडेच, आणि वर हांसलपूरला सुझुकी. गोल्डन चोकडीवर दलालासमोर बसून भाड्यासाठी चहा ढोसावा लागत नाही, महिन्याचं काम साधारण ठरलेलं असतं, आणि बँकेलाही अटॅचमेंटचा कागद दाखवला की लोनवाला जरा गोड बोलतो.

आता दुसरी बाजू. हल्ली लोक एसयूव्हीच घेतात, त्यामुळे ज्या ट्रेलरमध्ये आठ छोट्या गाड्या बसायच्या त्यात आता पाच-सहाच जातात, लांबी 18.75 मीटरच्या पुढे नेता येत नाही, आणि भाडं गाडीमागे ठरलेलं असेल तर डिझेल तेवढंच जळून हातात कमी येतं. शिवाय लांबचा माल रेल्वे ओढायला लागलीय. हांसलपूरला 2024 मध्ये प्लांटच्या आतच सायडिंग (मालगाडी भरायचा रूळ) सुरू झालं, एका रेकमध्ये, म्हणजे एका मालगाडीत, तीनशेच्या आसपास गाड्या निघतात, म्हणजे रस्त्यावाल्याला पुढे जास्त करून स्टेशन ते शोरूमचा तुकडा उरेल असं आपलं माझं मत, चूकही असेल.

पण मी ट्रेलर सोडला तो या कशामुळे नाही. सोडला तो पीओडीमुळे, म्हणजे माल पोचल्यावर घेणारा सही करून देतो त्या पोचपावतीमुळे.

ज्यांना माहीत आहे ते आत्ताच हसले असतील. गाडी यार्डातून भरताना तिथला माणूस रात्रीच्या अंधारात टॉर्च मारून चेक करतो, आपला ड्रायव्हर सही करतो, दोन दिवसांनी डीलरकडे भर उन्हात पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारावर नखाएवढा ओरखडा निघतो आणि तिथला पोरगा पीओडीवर बॉलपेनने एक ओळ लिहितो. ओरखडा आमच्या बेल्टचा की यार्डात फिरवतानाचा की डीलरच्या पोराच्या कड्याचा, हे देवालाच ठाऊक. नुकसानीचे पैसे कापल्याची डेबिट नोट येते ती येऊ दे, धंद्यात तेवढं धरून चालतो आपण. पण त्या एका ओळीपायी त्या ट्रिपचं अख्खं बिल अडकतं, ज्या बाकी गाड्यांना काही झालेलं नाही त्यांचं भाडंसुद्धा. फोन केला की "रिमार्क आहे ना साहेब, क्लेम डिपार्टमेंटला गेलंय", आणि क्लेमवाले म्हणतात डीलरचं एस्टिमेट आलं नाही. इकडे डिझेल रोख, टोल फास्टॅगमधून कटलेला, ड्रायव्हरचा पगार एक तारखेला आणि हप्ता पाच तारखेला. माझ्या आयशरची कमाई दर महिन्याला ट्रेलरच्या पोटात जायला लागली तेव्हा घरी बायको म्हणाली, हा कसला वाढवलेला धंदा!

फ्लॅटबेडवर ही कटकट जवळजवळ नाही. गाडीचा मालक समोर उभा असतो, त्याच्यादेखत चारी बाजूंनी व्हिडिओ काढायचा, जुने ओरखडे बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) लिहून सही घ्यायची, अर्धे पैसे चढवताना आणि अर्धे उतरवायच्या आधी. गिऱ्हाईक बडोद्यात भरपूर. रिफायनरी, ओएनजीसी, बँका यांच्या बदल्या, शाळा सुटल्या की मे-जूनमध्ये नुसती धावपळ, आणि आपल्या मराठी घरांतली अर्धी पोरं पुण्याला, त्यांच्या गाड्या इकडून तिकडे चालूच. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा बेसमेंटमधल्या गाड्या उचलायला फ्लॅटबेड मिळत नव्हत्या. त्यात इलेक्ट्रिक गाड्या वाढल्यात, त्या चाकं जमिनीवर ठेवून ओढायच्याच नाहीत, डेकवरच घ्यायच्या, आणि बारा व्होल्टची बॅटरी गेली की पार्किंग लॉकमधून निघत नाहीत, मग चाकाखाली स्केट (घसरत्या पट्ट्या) घालून सरकवायच्या. हे काम ट्रेलरवाल्याचं नाहीच.

त्रास इथेही आहेत. फोन रात्री दोनला येतो. पुण्याहून रिकामं यायची वेळ येते, त्यासाठी तिकडच्या जुन्या गाड्यांच्या डीलरशी ओळख वाढवावी लागते. आणि जबाबदारीचं नीट समजून घ्या: 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्यात गिऱ्हाइकाने किंमत जाहीर केली नसेल तर आपल्यावरची भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच येते, पण गावातलं नाव त्या कलमाने वाचत नाही, म्हणून कॅरिअर लायबिलिटी पॉलिसी (वाहून नेलेल्या मालाच्या नुकसानीचा विमा) पहिल्या दिवसापासून घ्या. बेल्ट नेहमी टायरवरून, बॉडीच्या हुकाला बांधाल तर गाडी सस्पेन्शनवर नाचते आणि बेल्ट ढिला पडतो, पुण्याकडे निघालात की करजण यायच्या आत एकदा उतरून परत आवळायचा.

ज्याच्याकडे तीन-चार महिन्यांचं डिझेल आणि हप्ते बाजूला ठेवलेले आहेत आणि पीओडीच्या मागे लागायला ऑफिसात एक चिवट माणूस आहे, त्याने ट्रेलर खुशाल घ्यावा, व्हॉल्यूम तिथेच आहे. बाकी आपल्यासारख्यांनी, मला वाटतं, आधी एक फ्लॅटबेड करून बघावी. फक्त बॉडीवाल्याला ॲडव्हान्स द्यायच्या आधी आरटीओत विचारा, परवानगीशिवाय बॉडी बदलली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकाल आणि आरसीवर बॉडी टाइप चढला नाही तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. डेकची लांबी ठरवताना स्विफ्ट मोजू नका, कुणाची तरी इनोव्हा आणून उभी करा आणि मागे व्हील लिफ्टला जागा उरते का ते टेप लावून बघा. उतार जास्त ठेवला तर होंडा सिटीसारख्या खाली बसलेल्या गाडीचा बंपर घासतो, तेव्हा लाकडाच्या दोन लांब फळ्या कायम गाडीतच राहू द्या.