पुरस्काराच्या ट्रॉफ्या कुठून घ्याव्या? जळगावच्या एका दुकानाचा अनुभव

आमचं अमळनेरला छोटंसं मंडळ आहे, दरवर्षी दोन पुरस्कार देतो. एक पहिलं पुस्तक आलेल्या कवीला नाहीतर कवयित्रीला आणि एक तालुक्यात बातमीदारी करणाऱ्या पत्रकाराला. ट्रॉफ्या आणायचं काम नेहमी माझ्याच गळ्यात. यंदा जळगावला फुले मार्केटजवळच्या एका दुकानात ऑर्डर दिली. नाव इथे टाकत नाही, पाहिजे त्याने मेसेज करा.

सगळ्यात भारी म्हणजे प्रूफ. मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला की बाकीचे लोक कॉपी-पेस्ट करून मोकळे होतात, मग फॉन्ट बदलला की रफार एकीकडे नि वेलांटी दुसरीकडे. इथल्या मालकांनी मजकूर स्वतः परत टाईप केला, 'कवियत्री' लिहून गेलं होतं आमच्या सेक्रेटरीकडून ते दुरुस्त केलं, मानकऱ्यांच्या वडिलांचं नाव परत एकदा फोन करून विचारलं आणि मी ओके म्हटल्याशिवाय मशीन चालू केलं नाही. वर म्हणे, "नाव चुकनं ना भाऊ, मानूस जलमभर याद ठेवस."

दुसरं, मोठा माल गळ्यात मारत नाहीत. आम्ही दीड-दोन फुटाचा सोनेरी कप बघत होतो, अध्यक्षांना फोटोत मोठं काहीतरी दिसायला पाहिजे असतं ना. मालक म्हणाले पुरस्कारात रोख किती देताय? आम्ही आकडा सांगितला तर ते गप्पच बसले, आणि मग ॲक्रिलिकचं साधं स्मृतिचिन्ह दाखवलं, लाकडी बेस, लेझरने कोरलेली अक्षरं. कपाच्या निम्म्याहून कमी पैशात काम झालं आणि उरलेले आम्ही पाकिटात टाकले. मला तर हे लई पटलं. नवीन लिहिणाऱ्याला पैसे लागतात हो, पुस्तक बऱ्याचदा पदरमोड करून काढलेलं असतं! साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 2011 पासून आहे, पस्तिशीपर्यंतच्या लेखकांना, त्यात ताम्रफलक आहे पण सोबत 50 हजार रुपये पण आहेत. राज्य शासनाचा पहिल्या कवितासंग्रहाचा पुरस्कार तर आपल्या बहिणाबाईंच्या नावाने आहे, तोही रोख रकमेचा. (बहिणाबाई 1951 ला गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं 1952 ला, म्हणजे पहिलं पुस्तक त्यांनी स्वतः पाहिलंच नाही आणि आज पहिल्या पुस्तकाचा पुरस्कार त्यांच्या नावाने.) आता आमच्यासारख्यांना 50 हजार जमणार नाहीत हे कबूल, पण दोन फुटी ट्रॉफी, शाल, फेटा नि रिकामं पाकीट हे काही बरोबर नाही भो.

दुकानात कोपऱ्यात एकसारख्या ट्रॉफ्यांची चळतच होती, सगळ्यांवर तोच 'राज्यस्तरीय' मजकूर आणि नावाची जागा मोकळी. विचारलं तर मालक नुसते हसले. अशा ट्रॉफ्या गठ्ठ्याने वाटणाऱ्या संस्था आधी प्रवेश फी घेतात आणि मग फी भरलेल्या बहुतेकांना काही ना काही देतात, हे आपल्या भागातल्या नवकवींना सांगायची गरज नाही. माझं सरळ मत, चांगला पुरस्कार पुस्तकाच्या प्रती मागतो, पैसे मागत नाही.

आता तक्रारी. पॅकिंग बेकार. नुसता पेपर गुंडाळून खोक्यात टाकतात, एसटीने अमळनेरपर्यंत येता येता एकाचा बेस सुटला, घरी फेविक्विकने चिकटवला. घरून जुनी चादर घेऊन जा सरळ. सन्मानपत्राची फ्रेम पण इथे घेऊ नका, काच नाही, प्लास्टिक आहे, उजेड पडला की काही वाचता येत नाही. आणि बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, संस्थेचा हिशोब असेल तर आधीच सांगून ठेवा.

डिसेंबर संपता संपता तर अजिबात जाऊ नका. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, 6 ला पत्रकार दिन (1832 ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं तो दिवस), सगळ्या तालुक्यांच्या पत्रकार संघांच्या ऑर्डरी एकदम पडतात आणि मग ते प्रूफ वगैरे लाड होत नाहीत. मराठी भाषा गौरव दिनाच्या, 27 फेब्रुवारीच्या, आधी पण तीच गत. ऑर्डर पंधरा दिवस आधी द्या, अर्धा ॲडव्हान्स लागतो, गाडी लावायला जागा नाही त्यामुळे स्टँडवरून रिक्षाने गेलेलं बरं. पाचपैकी चार स्टार, एक पॅकिंगचा कापला.